गाडीत रोज कोण बसतं?

गडचिरोलीतल्या एटापल्लीकडे स्वतःची गाडी घेऊन जायचं ठरवलेले लोक अलीकडे मला विचारतात. ऑफिसातले दोघे-तिघे आहेत, शेजारचे एक आहेत. प्रश्न साधारण एकच असतो. रोज चंद्रपूर-मूल करायचं आणि वर्षातून दोन-तीनदा जंगलातल्या कच्च्या रस्त्यानं जायचं, तर गाडीला स्प्रिंगा आणि शॉकअप कोणते घालावेत? मी या विषयातला जाणकार आहे असा समज आहे. तो मीच पसरवलेला आहे. आजवर या लोकांना मी जे सांगत आलो ते चूक नव्हतं, अर्धवट होतं. डिसेंबरात एटापल्लीच्या पुढं जाऊन आलो, त्यानंतर उरलेलं अर्धं सांगणं भाग आहे.

रोजचा रस्ता

मूल या तालुक्याच्या गावी माझं ऑफिस आहे आणि तिथंच शीलाची शाळा. शीला माझी बायको. पाचवी ते सातवीला मराठी शिकवते. आम्ही राहतो चंद्रपुरात. बरीच वर्षं आम्ही दोघं सकाळी माझ्या गाडीनं निघायचो. रस्ता जंगलातून जातो, पण रोजच्या माणसाला जंगल दिसत नाही, गतिरोधक दिसतात. शीलाच्या मांडीवर मुलांच्या वह्या असायच्या. गाव आलं, की मान वर न करता ती लाल पेन कागदावरून उचलायची, गाडी ब्रेकरवरून उतरली की पुन्हा टेकवायची. मूल येईपर्यंत एका वर्गाचं शुद्धलेखन तपासून व्हायचं.

शीलाचं माहेर एटापल्लीच्या पुढं, डांबर संपल्यावर नाला ओलांडून आहे. तिची आई, जिला मीही मायच म्हणतो, आणि धाकटा भाऊ विलास तिथं धानाची शेती करतात. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात तिकडं जाताना त्या नाल्यातल्या दगडावर गाडीचं ऑइल चेंबर फुटलं. विलासनं ट्रॅक्टर आणला. पुढं ट्रॅक्टर, मागं दोराला बांधलेली माझी गाडी, स्टिअरिंगवर मी, आणि दोन्ही बाजूंनी चालणारं अर्धं गाव. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

पुढच्याच महिन्यात मी नागपूरला जाऊन गाडी उंच करून घेतली. दुकानदार सरळ माणूस होता. त्यानं आधी समजावून सांगितलं, की जाड तारेची स्प्रिंग ओझ्यासाठी असते. गाडी भरलेली असली तर ती नीट दबते, रिकामी असली तर दबत नाही आणि आतला माणूस उडतो. मग त्यानं विचारलं, "गाडीत रोज कोण बसतं?"

मी म्हणालो, "मी एकटाच."

"मग तुम्हाला चालत असेल तर काही प्रश्नच नाही," तो म्हणाला.

शीला त्याआधीच शाळेच्या पायऱ्यांवरून पडली होती. कमरेतला मणका सरकला होता. धक्के टाळा, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसलो होतो. म्हणजे मी विसरलो होतो असं काही नव्हतं. महिनाभर मोबाइलवर स्प्रिंगांचे व्हिडिओ पाहून मला पक्कं ठाऊक झालं होतं, की खरं सांगितलं तर हा माणूस मला मऊ स्प्रिंगा घ्यायला लावणार. मऊ स्प्रिंगांवर गाडी खाली बसणार आणि त्या नाल्यात पुन्हा टेकणार. मला ते नको होतं.

गाडी उंच झाली. ऑफिसात लोक खाली वाकून पाहून गेले. आणि मूलच्या रस्त्यावर शीलाचं पेन उडू लागलं. एका मुलाचे वडील वही घेऊन शाळेत आले. "बाई, हे बरोबर हाय का चूक? पोरगं म्हन्ते बरोबर. मले तं फुलीच दिसून राह्यली." शीलानं हे घरी हसत सांगितलं. मीही हसलो. काही दिवसांनी ती म्हणाली, "उद्यापासून मी बसनं जाते. बसमध्ये वह्या तपासून होतात."

एसटीत वह्या तपासता येतात आणि माझ्या गाडीत येत नाहीत, या वाक्याचा अर्थ लावायला फार अक्कल लागत नव्हती. मी तो लावला नाही. "बरं," म्हणालो. नागपुरात जे खोटं सांगितलं होतं, ते काही महिन्यांतच खरं झालं. गाडीत रोज मी एकटाच बसू लागलो.

या डिसेंबरात मागचा एक शॉकअप तेल गाळू लागला. चंद्रपूरच्या मिस्त्रीनं गाडीखालून डोकं काढून विचारलं, "मागचं सगळंच बदला आता. काय टाकू? होतं तसंच कडक, का मऊ?" मी परत आल्यावर सांगतो म्हणालो. कारण मायचा निरोप आला होता: नवा तांदूळ निघाला, दोघंही या. एटापल्लीच्या पुढची एसटी कधी असते, कधी नसते, म्हणून शीला गाडीनं यायला तयार झाली. परत आल्यावर ती पुन्हा माझ्या शेजारी बसणार, की बसनंच जात राहणार, हे या वाटेवर ठरणार होतं. दोघांनाही ते माहीत होतं. दोघांनीही तो विषय काढला नाही.

आलापल्ली

बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी या मार्गानं गेलो. शीलानं कमरेला पट्टा बांधला होता आणि पाठीमागं उशी घेतली होती. आष्टीपर्यंत मी गाडी इतकी जपून चालवली, की धानाच्या पोत्यांनी भरलेले ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून गेले. आष्टीनंतर जंगल दाट होतं. साग आणि ऐन दोन्हीकडून रस्त्यावर आलेले असतात, आणि सावली-उन्हाच्या पट्ट्यांत खड्डा दिसत नाही. एक तसाच दिसला नाही.

गाडीला काही झालं नाही, ती दिमाखात वर आली. शीलाच्या तोंडून जो आवाज आला तो मी याआधी फक्त मुलाच्या जन्माच्या वेळी ऐकला होता.

आलापल्लीला चहाच्या टपरीसमोर सिमेंटचं बाकडं होतं. शीला त्यावर सरळ आडवी झाली, डोळ्यांवर पदर घेतला. टपरीवाल्या बाईनं न सांगता फडक्यात गरम वाळूची पुरचुंडी आणून तिच्या कमरेखाली सरकवली आणि मग माझ्याकडं पाहिलं.

"कुठून आले, भाऊ?"

"चंद्रपूर."

"मले वाटलं बाईले बैलबंडीतच आनलं. गाडी तं चांगली उंच हाय." तिनं गाडीला एक चक्कर मारली. "आत काय हाय, गोटे भरले काय?"

बाकड्यावर शीला पदराआड हसली. हसताना दुखलं म्हणून थांबली. मी भजी मागवली. आलापल्लीची भजी चांगली असतात, तिखट आणि आत कच्ची नसतात. त्या दिवशी मी ती सगळी एकट्यानं खाल्ली आणि चव मला सांगता येणार नाही.

नाला

एटापल्लीपर्यंत लोहखनिजाच्या ट्रकांच्या मागं मागं जावं लागतं. झाडांची रस्त्याकडची पानं त्यांच्या धुळीनं लाल असतात, आतली हिरवी. नाक्यावर पोलिसांनी नाव-गाव विचारलं. शीलानं माहेरचं आडनाव सांगितल्यावर आतला एकजण म्हणाला, "विलासभाऊची बहीण काय? जा जा." चंद्रपुरात इतक्या वर्षांत माझ्या नावानं असं कोणतं फाटक उघडलं नाही.

डांबर संपलं. त्यापुढचा रस्ता मी नागपूरच्या त्या दुकानात उभा राहून मनात शंभरदा चालवला होता. नाल्याच्या पलीकडं विलास मोटारसायकल लावून वाट पाहत होता. पाणी घोट्याएवढं, पण दगड तेच.

"थांबवा," शीला म्हणाली. ती दार धरून हळूच उतरली, चपला हातात घेतल्या, साडी वर खोचली. "मी पायी येते."

ती पाण्यात उतरली. वाकून दगड चाचपत, एक हात कमरेवर ठेवून ती पलीकडं गेली. मग मी गाडी घातली. ज्या दगडावर चेंबर फुटलं होतं त्याच्यावरून गाडी अशी गेली की खाली साधा आवाजसुद्धा झाला नाही.

विलासनं टाळी वाजवली. "वा भाऊजी! एकदम टँकच आनला!"

शीला काठावर बसून पाय पुसत होती. मी आरशात पाहिलं. मागची सीट रिकामी होती, शेजारची रिकामी होती. ज्यासाठी एवढं केलं ते झालं होतं, आणि गाडीत मी एकटाच होतो.

गिरणी

मायच्या घरी त्या संध्याकाळी नव्या तांदळाचा भात, लाखोळीचं वरण आणि सुके झिंगे घातलेली वांग्याची भाजी होती. नव्या तांदळाचा भात चिकट होतो. चंद्रपुरात आम्ही तो वर्षभर जुना करून खातो. इथं घरोघर पहिला भात असाच खातात. मायनं बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर पहिली मूठ ठेवली आणि मग सगळ्यांना वाढलं.

एक गोष्ट इथं सांगायला हवी. धानपट्ट्यात माहेरी आलेली लेक नव्या तांदळाशिवाय परत जात नाही. माझ्या घरात ही रीत मी मोडली. गाडी उंच केल्यापासून मी ती इकडं आणलीच नव्हती; माय पोतं न्यायला बोलवायची तेव्हा फोनवरच नको म्हणायचो, कारण पोतं टाकलं की गाडी मागून दबते आणि दबलेली मला पाहवत नव्हती. तोंडानं मात्र मी "कशाला तुम्हाला त्रास" असं म्हणायचो. माय एकदाच बोलली होती: "जवाई, गाडी तुमची हाय, का तुम्ही गाडीचे?"

दुसऱ्या दिवशी धान कांडून आणायला एटापल्लीच्या गिरणीत जायचं होतं. विलासला माझी गाडी चालवून पाहायची होती. माय पुढं बसली. शीला घरी राहिली. मी मागं बसलो, आणि बसल्यावर लक्षात आलं की या गाडीच्या मागच्या सीटवर मी आयुष्यात कधी बसलेलोच नाही.

जाताना धानाची पोती ट्रॅक्टरवर होती, गाडी रिकामी. विलास तरुण आहे, चालवतोही तसाच. पहिल्याच चरीला माझं डोकं छताला लागलं. दुसरीला जीभ चावली गेली. नंतर मी दोन्ही हातांनी पुढच्या सीटची मान धरली आणि उठलेला प्रत्येक धक्का थेट कमरेच्या त्या जागी मोजला, जिथं शीलाचा पट्टा असतो. माझा मणका धड आहे. एटापल्ली आली तेव्हा मला लगेच उतरता येईना.

"काय झालं, भाऊजी?"

"काही नाही. पाय आखडला."

परतताना ट्रॅक्टर दुसऱ्या कामाला गेला होता. म्हणून तांदळाची पोती आमच्याच गाडीत टाकली, दोन डिकीत, एक माझ्या शेजारी. मागून गाडी चांगली खाली बसली. मी डोळे मिटून धक्क्याची वाट पाहत राहिलो. तो आला, पण गाडी झोका घेतल्यासारखी खाली गेली आणि सावकाश वर आली. नाल्यात खाली एकदा खरवडलं, एवढंच.

"आता कशी चालून राह्यली," माय पुढून म्हणाली, "गाभन म्हशीवानी."

मला तेव्हा आमच्या गावची बंडी आठवली. रिकाम्या बंडीत आमच्याकडं बाईमाणूस बसवत नसत. लेकुरवाळी असो की म्हातारी, तिला कुठं न्यायचं असलं, की आधी दोन पोती टाकायची, वर तणस, म्हणजे धानाचा पेंढा, अंथरायची, मग तिला बसवायचं. न्यायला पोती नसली तरी शेजाऱ्याची मागून टाकायची. लहानपणी मी स्वतः ती पोती ओढली आहेत. नागपूरच्या दुकानदारानं मला जे समजावून सांगितलं होतं, ते मला आधीपासून येत होतं. माझ्याजवळ कमी होतं ते काही वेगळंच.

अंगणात

शीला अंगणात सूप घेऊन बसली होती. माय आत गेली, विलास पोती उतरवत होता. मी तिच्यासमोर खाटेवर बसलो. हे सांगायला मला दोन वर्षं लागली आणि सांगायला लागल्यावर दोन वाक्यं पुरली.

"नागपूरला दुकानदारानं विचारलं होतं, गाडीत रोज कोण बसतं म्हणून. मी त्याला सांगितलं, मी एकटाच."

सूप थांबलं नाही. पाखडत ती म्हणाली, "त्यानं विचारलं होतं?"

"हो."

"मला वाटत होतं, तुम्हाला कोणी विचारलंच नसेल. माणसाच्या लक्षात नाही येत." तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. "माझं दुखणं माहीत होतं तेव्हा?"

"माहीत होतं."

"मग विसरले असाल."

"विसरलो नव्हतो. त्यानं मऊ स्प्रिंगा घालायला लावल्या असत्या म्हणून सांगितलं नाही."

आता सूप थांबलं. ती माझ्याकडं बघत राहिली. वर्गात खोटं बोललेल्या मुलाकडं ती कशी पाहते, ते मला माहीत आहे. तसं ते पाहणं नव्हतं. कोणाचं तरी घर शोधत आलेला माणूस पाटीवरचं नाव वाचतो, तसं काहीसं होतं.

"नाल्यासाठी," ती म्हणाली.

"हो."

"एसटी पण आदळते, तुम्हाला काय वाटतं? पण ती सगळ्यांना सारखी आदळते. कोणाचा राग येत नाही." ती उठायला लागली, मी हात पुढं केला. तिनं तो घेतला नाही, सूप मात्र माझ्या हातात दिलं. "धरा. उरलेलं पाखडा."

मला पाखडता येत नाही. बरेच तांदूळ अंगणात सांडले. कोंबड्या आल्या. विलास पोत्यावरून ओरडला, "भाऊजी, माय पाह्यन तं तुमाले जेवाले नाई देनार!" मायनं दारातून पाहिलं होतं. तिनं जेवायला दिलं, पण भात मला शेवटी वाढला. तिनं किती ऐकलं होतं, मी विचारलं नाही.

मूलवरून

निघताना माय दारात उभी होती. या वेळी तिनं विचारलं नाही, मीच विलासला म्हणालो, "दोन पोती टाक." त्यानं माझ्याकडं, मग गाडीकडं पाहिलं. "दबन ना भाऊजी!"

"दबू दे."

नाला आला. मागं ओझं होतं, गाडी दोन-तीन बोटं खाली आली होती. शीला उतरू लागली तसा मी गाडी बंद केली आणि पँट गुडघ्यापर्यंत वर घेतली. आधी पाण्यात उतरून वाटेतले मोठे दगड मी बाजूला सारले. पाणी फार थंड होतं. याआधी हे मला सुचलं नव्हतं असं नाही. चंद्रपूरहून एवढी गाडी आणायची आणि दगड उचलायचे, हे मला कमीपणाचं वाटत होतं. शीला सीटवर बसून पाहत होती. मी परत आलो तेव्हा ती उतरली नाही. गाडी सावकाश घातली. एकदा खाली काहीतरी घासलं. आम्ही पलीकडं गेलो.

आष्टीला मी बल्लारपूरकडं वळणार, तेवढ्यात ती म्हणाली, "मूलवरून चला."

तो मार्ग लांबचा. चामोर्शी, गडचिरोली, वैनगंगेचा पूल, मग मूल. मी गाडी तिकडं घेतली. मूल सोडल्यावर आमचा रोजचा रस्ता सुरू झाला. एकेक गाव, एकेक ब्रेकर. शीला खिडकीबाहेर पाहत होती, पण ब्रेकर आला, की तिचा हात मांडीवरून जरासा उचलला जायचा, पेन नसताना.

चंद्रपुरात आधी मिस्त्रीकडंच गेलो. त्यानं डिकी उघडली आणि हसला. "दवाई तं बराबर हाय. पण तांदूळ खाऊन संपन, मंग?"

"मऊ टाका," मी म्हणालो. "गाडी कंपनीतून आली होती तेवढी खाली येऊ द्या. चेंबरच्या खालून जाड पत्रा ठोकून द्या."

"मंग जंगलात?"

"जंगलात उतरून दगड बाजूला करू."

तो हात पुसत गाडीकडं वळला. "ओझ्याचा अंदाज द्या. रोज कोण बसते?"

शीला डावीकडच्या दाराला टेकून उभी होती. मी म्हणालो, "दोघं. यांची कंबर दुखते, तसं बघून टाका." मिस्त्रीनं तिच्याकडं पाहिलं. ती म्हणाली, "माझा एसटीचा पास आहे अजून."

गाडी तयार झाली, तरी पास संपेपर्यंत ती बसनंच गेली. ज्यांना गाडीचा सल्ला हवा आहे त्यांच्यासाठी लिहितो: रोजचा रस्ता धरून स्प्रिंग घ्या, कधीमधीच्या रस्त्याला थोडं चाला. दुकानदार विचारेल त्याचं खरं उत्तर द्या. बाकी शॉकअपच्या जाती वगैरे मिस्त्री सांगेल.

पास संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीची काच पुसत होतो. शीला डबा आणि वह्यांची पिशवी घेऊन बाहेर आली, गाडीला वळसा घालून डावीकडचं दार उघडलं, उशी ठेवली आणि बसली. "उशीर होऊन राह्यला," एवढंच म्हणाली.

शहर संपल्यावर तिनं वही उघडली. पहिलं गाव आलं. ब्रेकरच्या आधी तिनं पेन उचललं. गाडी खाली गेली, सावकाश वर आली. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. कागदाकडं पाहिलं आणि पेन टेकवलं. पुढच्या ब्रेकरलाही तसंच.

त्याच्या पुढच्या ब्रेकरला तिनं पेन उचललं नाही.